काठी की वॉकर, आधी हे ठरवा

काठी घ्यायची म्हणताय, पण आधी सांगा, त्रास एका पायाचा आहे की तोलच जातो? एकच गुडघा दुखत असेल तर साधी काठी पुरते. तोल जात असेल, दोन्ही पाय लटपटत असतील, तर वॉकरच घ्या. लाजू नका, मी लाजण्यात वर्ष घालवलं आणि दोनदा पडलो. चाकांचा वॉकर सोपा वाटतो, पण त्यावर पूर्ण भार टाकलात तर तो पुढे पळतो.

उंची मात्र नीट मोजा. नेहमीची चप्पल घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा. काठीची किंवा वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. धरल्यावर कोपर साधारण 15 ते 20 अंश वाकतं. घरातल्या कुणाची जुनी काठी तशीच वापरू नका.

आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात! जवळजवळ सगळे इथेच चुकतात. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे टाका. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

खालचं रबर झिजलं की लगेच बदला, ओल्या फरशीवर ते सटकतं. फिजिओथेरपिस्टला एकदा चालून दाखवा, मगच खरेदी करा.