घरासमोरचा युक्का कोणता, आणि थंडीत कोणता टिकेल?

ताई, तुम्ही विचारलंय की कॅनडातल्या मिसिसागाच्या नव्या घरासमोर तलवारीसारख्या पानांचं जे झुडूप आहे ते घायपात की युक्का, युक्का असेल तर कोणता, आणि पुण्यातल्या बंगल्यांपुढे असतो तसा उंच खोडाचा युक्का तिथे लावता येईल का. माझी बाग अमेरिकेत डेन्व्हरजवळ आहे. थंडी इथेही कडक, पण हवा कोरडी आणि ऊन भरपूर. तुमच्याकडे ओल जास्त. माझे अनुभव तेवढी सूट धरूनच वाचा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. पुण्यातला तो मऊ टोकाच्या पानांचा उंच युक्का म्हणजे युक्का जायगँटिया. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. शून्याखाली चार-पाच अंशांवर पारा गेला की त्याचं काम संपतं. हौस असेल तर कुंडीत लावा आणि हिवाळाभर दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा. बागेत नको.

आता तुमचं झाड. पानांच्या कडेला पांढरे कुरळे दोरे सुटलेत असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे घायपाताचा प्रश्न मिटला. घायपाताचं पान जाड, गरदार असतं, कडेला बहुधा काटे असतात, असे दोरे नसतात. दोरे, जमिनीलगत गुच्छ, खोड नाही, आणि ओंटारिओचे हिवाळे काढून जिवंत: हा युक्का फिलामेंटोसा किंवा त्याचा सख्खा भाऊ फ्लॅसिडा. दोन्ही अमेरिकेच्या आग्नेय भागातले, तरी उणे २५ अंशांच्या पुढची थंडीही सहज काढतात. फिलामेंटोसाचं पान ताठ, थोडं पन्हळीसारखं खोलगट, आणि टोकाशी एकदम अरुंद होतं. फ्लॅसिडाचं पान पातळ, हळूहळू निमुळतं होत जाणारं, अर्ध्यावर वाकलेलं. खात्री हवी असेल तर फुलं येईपर्यंत थांबा. फुलदांड्याच्या फांद्यांवर बोट फिरवा: गुळगुळीत लागल्या तर फिलामेंटोसा, बारीक लव लागली तर फ्लॅसिडा. नर्सरीच्या चिठ्ठीवर भिस्त ठेवू नका. दोघांची नावं सर्रास अदलाबदल होतात, आणि बागांमधून संकरही भरपूर. पानाच्या मधोमध पिवळा पट्टा असेल तर 'कलर गार्ड' किंवा 'गोल्डन स्वोर्ड', पिवळी कड असेल तर 'ब्राइट एज'.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो युक्का ग्लॉका. इथल्या माळरानावर तो आपोआप उगवतो, आणि कॅनडातही दक्षिण अल्बर्टात मिल्क रिव्हरच्या परिसरात नैसर्गिकरीत्या आढळतो. पानं अगदी अरुंद, निळसर-राखाडी, कडेला पांढरी रेघ. फिलामेंटोसाचा दांडा पानांच्या बराच वर जाऊन फांद्या फोडतो. ग्लॉकाची फुलं मात्र पानांतूनच सुरू होतात आणि दांड्याला फांद्या जवळजवळ नसतात. उणे ३५ अंशही तो सोसतो. त्याच्या मुळांत सॅपोनिन असतं, त्यामुळे ती रिठ्यासारखी फेसाळतात. इथले मूळ रहिवासी त्या मुळांनी केस धूत. त्याच सॅपोनिनमुळे कुत्र्या-मांजरांनी युक्का चघळला तर उलट्या होतात, तेवढं लक्ष ठेवा.

लागवडीत जिंकणं-हरणं ठरतं ते हिवाळ्यातल्या ओलीवर. बर्फ वितळून गाभ्यात पाणी साचतं, रात्री गोठतं, दुपारी पुन्हा वितळतं, आणि वसंतात मधली पानं ओढली की हातात येतात. तुमच्या भागात चिकणमाती खूप. तिच्यात खड्डा खणून छान भुसभुशीत खतमाती भरली तर पाणी त्याच खड्ड्यात साचून राहतं. त्यापेक्षा जमिनीवर २५-३० सेंटीमीटरचा उंचवटा करा, मातीत जाडी वाळू आणि बारीक खडी मिसळा, आणि झाडाच्या बुडाशी लाकडाच्या भुशाऐवजी खडीच पसरा. दक्षिणेकडची भिंत मिळाली तर उत्तमच. लागवड मे-जूनमध्ये करा. शरदात लावलेलं रोप मुळं धरायच्या आत गोठतं. खत जवळजवळ नकोच.

मार्चमध्ये पानं जांभळट, आडवी, मेल्यासारखी दिसतील. लगेच कात्री काढू नका. मे महिन्यापर्यंत बहुतेक उभी राहतात, मग फक्त वाळलेली छाटा, तीही जाड हातमोजे घालून, डोळे सांभाळून.

फुलं जून-जुलैत. ज्या गुच्छाला दांडा आला तो पुन्हा फुलत नाही, हळूहळू वाळतो. बाजूची पिल्लं त्याची जागा घेतात, त्यामुळे घाबरू नका. फळं धरणं युक्काच्या पतंगावर अवलंबून असतं. हा छोटा पांढरा पतंग रात्री फुलात येतो, परागांचा गोळा मुद्दाम स्त्रीकेसराच्या टोकावर दाबतो आणि बीजकोशात अंडी घालतो. त्याच्या अळ्या थोड्या बिया खातात, उरलेल्या झाडाला राहतात. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमन यांनी १८७२ मध्ये हे पहिल्यांदा पाहिलं, आणि कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी त्यामागे लागून त्याचा सविस्तर अभ्यास केला. तुमच्या वाळलेल्या फळांवर बारीक भोकं दिसली तर पतंग तुमच्याकडे पोचलाय असं समजा.

खोडाचा युक्का हवाच असेल तर रोस्ट्राटा बघा. डेन्व्हरच्या कोरड्या थंडीत तो छान उभा राहतो. तुमच्याकडे मात्र हिवाळाभर वरून पाणी पडणार नाही असा आडोसा केला तरच, आणि तरीही तो जुगारच. महाग रोप असतं, मी तुमच्या जागी पैसे घातले नसते. त्या पैशांत ग्लॉकाची तीन रोपं येतील; ती लहानच घ्या, कारण त्याचं सोटमूळ खोल जातं आणि मोठं झाड हलवलं की बहुधा दगावतं.

आणि समोरचं झुडूप दुसरीकडे न्यायचा विचार असेल तर आत्ताच ठरवा. फिलामेंटोसाच्या मुळाचा बोटभर तुकडा मातीत राहिला तरी तिथून नवा कोंब येतो, आणि तुम्ही पुढची काही वर्षं त्याच जागी कुदळ घेऊन उभ्या असाल.