वाचकांचे प्रश्न : बुडबुडे खरंच ५० मायक्रॉनचे आहेत का?

प्रश्न : बायोफ्लॉक टाकीसाठी मायक्रोबबलचं नोझल घेतलंय. विकणारा म्हणाला ५० मायक्रॉनचे बुडबुडे निघतात. पाणी दुधासारखं पांढरं होतं पण साईज तेवढीच आहे हे कसं कळणार? लेझरने मोजतात असं ऐकलं, ते नेमकं काय असतं?
– एक मत्स्यपालक, सोलापूर जिल्हा

उत्तर : तुम्ही पैसे मोजलेत तर तपासायलाच हवं, आणि पहिली तपासणी घरी होते. टाकीतलं पाणी नको, त्यातल्या फ्लॉकनेच (जिवाणूंच्या बारीक गुठळ्यांनी) ते गढूळ दिसतं. साध्या स्वच्छ पाण्यात नोझल चालवा, ते पांढरं पाणी लगेच ३० सेंटीमीटर उंचीच्या काचेच्या भांड्यात भरा, मागे काळा कागद लावा, बाजूने टॉर्च मारा आणि घड्याळ लावून बसा. पांढरा ढग खालून निवळत वर जातो, त्याची खालची कड म्हणजे सगळ्यात बारीक, सगळ्यात हळू चढणारे बुडबुडे. ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा बुडबुडा सेकंदाला साधारण १.४ मिलिमीटर चढतो, म्हणजे पाणी निवळायला साडेतीन-पावणेचार मिनिटं लागायला हवीत, आणि अर्ध्या मिनिटात निवळलं तर बुडबुडे दीडशेच्या आसपासचे आहेत असं समजा.

हे जमतं कारण बारीक बुडबुड्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, व्यास दुप्पट तर वेग चौपट. शंभर मायक्रॉनपर्यंत हे छान लागू पडतं. हे आकडे २० अंशाच्या पाण्याचे आहेत, आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी तीसच्या वर असतं, ते पातळ होतं आणि बुडबुडे पाऊणपट वेळात वर पोचतात, ते धरून चला. शिवाय १० मायक्रॉनचे तर काही सेकंदांत पाण्यात विरघळूनच जातात, त्यामुळे भांडं भरून चहा प्यायला जाऊ नका!

दुसरी पद्धत फोटोची. दोन काचांमध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवायची, मागून पांढरा लाईट, पुढून मोबाईलला मॅक्रो लेन्स. बुडबुडा काळ्या कडीसारखा दिसतो आणि मधोमध उजेडाचा ठिपका, कारण पाण्यातून हवेकडे जाणारा प्रकाश ४९ अंशांपेक्षा जास्त तिरपा पडला की पूर्ण परावर्तित होतो, म्हणून कडेचा प्रकाश कॅमेऱ्यात येतच नाही. त्याच जागी अर्ध्या मिलिमीटरच्या रेघांची स्टीलची पट्टी ठेवून एक फोटो काढा म्हणजे माप मिळेल. लोक इथेच फसतात : फोकसमध्ये नसलेला बुडबुडा मोठा दिसतो, तो मोजायचाच नाही. फक्त तीक्ष्ण कडेचे घ्या, निदान शंभरेक, एकदोन मोजून काही कळत नाही.

आता लेझर. मला ही पद्धत फार आवडते. एकाच लेझरचे दोन किरण छोट्या कोनात एकमेकांना छेदले की तिथे उजेड-अंधाराचे पट्टे तयार होतात. ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर आणि ६ अंशांचा कोन घेतला तर पट्ट्यांमधलं अंतर ६ मायक्रॉन. बुडबुडा पट्टे ओलांडताना लुकलुकतो, आपला ५० मायक्रॉनवाला सेकंदाला सव्वादोनशे वेळा, आणि लुकलुक मोजली की वेग मिळाला. गंमत म्हणजे सपाट काचेतून किरण सरळ आत गेले तर पाण्यातसुद्धा पट्ट्यांचं अंतर तेवढंच राहतं, तरंगलांबी कमी होते पण कोनही तेवढाच आकसतो. लेझरने वाहत्या पाण्याचा वेग मोजता येतो हे येह आणि कमिन्स या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दाखवलं, दोन किरणांच्या पट्ट्यांची युक्ती नंतर आली. आकारासाठी प्रकाश टिपणारे दोन डिटेक्टर वेगवेगळ्या कोनांत ठेवतात, दोघांना तीच लुकलुक किंचित मागेपुढे दिसते आणि तो फरक व्यासाप्रमाणे वाढतो, म्हणजे एकाच बुडबुड्याचा वेग आणि आकार एकदम हाती येतो. त्यासाठी बुडबुडा गोल हवा. बारीक बुडबुडा पृष्ठताणामुळे गोलच असतो, मिलिमीटरचे मात्र चपटे होतात.

हे यंत्र महाग आणि प्रयोगशाळेतलं, टाकीसाठी त्याची गरज नाही. आधी भांड्याची चाचणी तीनदा करा, शंका राहिली तर फोटो. टाकीत मीठ टाकत असाल तर तेवढंच मीठ घालून पुन्हा एकदा बघा, खारट पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत आणि बारीकच राहतात.