हायस्कूल सॉकरमधलं प्रीसीझन रँकिंग आणि स्क्रिमेजचे निकाल किती मनावर घ्यायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दहावीत, न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत, यंदा पहिल्यांदाच वर्सिटी टीममध्ये, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये. ऑगस्टमध्ये तीन स्क्रिमेज, म्हणजे दुसऱ्या शाळांशी सरावाच्या मॅच, झाल्या. एक ०-४ गेली, एक १-३, एक बरोबरीत सुटली. पेपरच्या प्रीसीझन, म्हणजे सीझन सुरू होण्याआधीच्या, टॉप २० मध्ये शेजारच्या शाळेचं नाव आहे, तुमच्या शाळेचं नाही. मुलगी गप्प गप्प आहे आणि तुम्हाला आता तिच्या कॉलेजचीही काळजी लागली आहे.

स्क्रिमेजचा स्कोअर आजच विसरून जा. रँकिंग एकदा वाचलंत, तेवढं पुरे. आणि कॉलेजचा या दोन्हीशी जवळपास संबंध नाही. माझी मुलगी २०२२ ते २०२५ अशी चार वर्षं मध्य जर्सीतल्या एका सरकारी शाळेकडून लेफ्ट बॅक (डावीकडून बचाव करणारी) खेळली, पहिलं वर्ष जेव्हीत, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या टीममध्ये, आणि पुढची तीन वर्सिटीत. तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथे मी चार ऑगस्ट उभी होते, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मूळची कोल्हापूरची. वडील लहानपणापासून शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला घेऊन जायचे. आमच्याकडे पेठेपेठेची टीम असते, आणि बऱ्याच टीमच्या नावातच तालीम आहे: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. तालीम म्हटलं की मला स्क्रिमेज पटकन समजते. तालमीत पैलवान एकमेकांशी जोर करतात आणि कुस्ती मैदानात होते. जोर करताना वस्ताद एखाद्या तगड्या गड्याला मुद्दाम सांगतो की तू आज खाली बस, वरच्याला डाव करू दे. त्या दिवशी कोण कोणाच्या पाठीवर बसलं याचा हिशोब गावात कुणी मांडत नाही. एवढं सगळं ठाऊक असून पहिल्या वर्षी मी स्वतः मात्र तो हिशोब मांडत बसले.

३१ ऑगस्ट २०२२. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. सकाळी प्रतिष्ठा, दुपारी नैवेद्य, आणि पाच वाजता एका खाजगी शाळेच्या मैदानावर स्क्रिमेज. घरात पाहुणे सोडून मी गेले. जेव्हीच्या मुली नंतर खेळणार होत्या, त्यामुळे आधी वर्सिटीचा खेळ बघत बसले. पाच गोल खाल्ले. आमची सगळ्यात वेगवान फॉरवर्ड मुलगी सेंटर बॅकला, म्हणजे बचावाच्या मधोमध, उभी होती, आणि जिने मागच्या वर्षी सगळ्यात जास्त मॅच खेळल्या ती गोलकीपर बाहेर बसून पाणी पीत होती. मला वाटलं, या कोचला काही कळतच नाही. घरी येताना गाडीत मुलीसमोर तसं बोललेही. ते बोलायला नको होतं. कोच त्या दिवशी जिंकायला आलाच नव्हता. त्याला बघायचं होतं की मुख्य सेंटर बॅक आजारी पडली तर मागे कोण उभं राहू शकतं, आणि नवव्या इयत्तेतली दुसरी गोलकीपर पाच गोल खाल्ल्यावर सहाव्या चेंडूवर पुढे येते की गोलरेषेवरच थिजते. ती पुढे आली. पुढची तीन वर्षं तीच आमची गोलकीपर होती.

शाळेची खरी मॅच ८० मिनिटांची असते, ४०-४० मिनिटांचे दोन भाग. स्क्रिमेजमध्ये दोन्ही कोच आधी ठरवतात: कधी २५-२५ मिनिटांचे तीन भाग, कधी पहिला भाग पूर्ण पहिल्या फळीचा आणि नंतर सगळी मिसळ. कोच मध्येच खेळ थांबवतो, मैदानात शिरतो, मुलींना हाताला धरून जागा दाखवतो. कॉर्नर घेतला जातो, पसंत पडला नाही तर पुन्हा घ्यायला लावतो. हा निकाल शाळेच्या विजय-पराजयाच्या नोंदीत जात नाही. त्यामुळे ०-४ मधले चार गोल कधी झाले, तेव्हा मैदानात कोण होतं, हे माहीत नसेल तर तो आकडा काहीच सांगत नाही. चारातले तीन शेवटच्या भागात झाले असतील, जेव्हा समोर त्यांची पहिली फळी होती आणि आपल्याकडच्या सहा मुली आयुष्यात पहिल्यांदा वर्सिटीचा वेग अनुभवत होत्या. तुमची मुलगी दहावीत आहे, म्हणजे बहुधा त्या सहा जणींत तीही होती.

२०२४ साली आम्ही एकही स्क्रिमेज जिंकलो नाही. नव्या कोचने मागे चारऐवजी तीन मुली ठेवायचं ठरवलं होतं आणि ते ऑगस्टभर जमेना. माझी लेक लेफ्ट बॅकवरून जवळजवळ लेफ्ट विंगला गेली, आणि तिच्या मागे जी मोकळी जागा सुटायची तिथूनच प्रत्येक वेळी गोल व्हायचा. ती रडकुंडीला यायची. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कधीतरी ते जुळलं. नेमकं कोणत्या दिवशी, ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की डावीकडची मिडफिल्डर आपोआप तिची जागा भरायला लागली, आणि कुणी ओरडून सांगावं लागेना. त्या वर्षी आम्ही काउंटी (जिल्हा) स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेलो. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ ला, सगळ्या स्क्रिमेज जिंकल्या होत्या आणि सीझनमध्ये जिंकल्या त्यापेक्षा जास्त मॅच हरलो होतो.

आता रँकिंग. पेपरचा बातमीदार उन्हाळ्यात शाळांच्या कोचना विचारतो: गेल्या वर्षीच्या पहिल्या फळीतल्या किती जणी परत येताहेत, कुणी किती गोल केले होते, कोण पास होऊन गेली. त्यात गेल्या सीझनचा निकाल आणि शाळेचं नाव मिसळतं. दरवर्षी वर असणाऱ्या शाळेला संशयाचा फायदा मिळतो, आणि माझ्या मते ते अगदी चूकही नाही, कारण तिथे दर वर्षी चांगल्या मुली येतातच. पण हा सगळा गेल्या नोव्हेंबरचा फोटो असतो. राष्ट्रीय याद्यांचं तर याहून अवघड. युनायटेड सॉकर कोचेसची कोचच्या मतांवरची यादी असते, मॅक्सप्रेप्स या शालेय खेळांच्या वेबसाइटची असते. पण या देशात मुलींचं शाळेचं सॉकर सगळीकडे एकाच वेळी खेळलंच जात नाही. आपल्याकडे, पेनसिल्व्हेनियात, ओहायोत ते फॉलमध्ये, म्हणजे हिवाळ्याआधी, होतं. फ्लोरिडात आणि दक्षिण कॅलिफोर्नियात हिवाळ्यात. टेक्सासमध्ये जानेवारीपासून पुढे. मिशिगन, इलिनॉय, जॉर्जियात वसंतात. ज्या टीम कधी समोरासमोर येणार नाहीत त्यांना क्रम लावायचा, तर त्यात अंदाजाचा भाग मोठाच राहणार. कॉम्प्युटरच्या रँकिंगलाही पोटात घालायला निकाल लागतात, आणि ऑगस्टमध्ये ते नसतात.

शिवाय आपल्या राज्यात मुलींच्या टीम असलेल्या तीनशेहून जास्त शाळा आहेत आणि यादी २० शाळांची. हे राज्य या खेळात तालेवार आहे. २०१५ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जपानविरुद्ध पहिल्या १६ मिनिटांत तीन गोल करणारी कार्ली लॉइड डेलरनच्या शाळेत खेळली, हेदर ओ'रायली ईस्ट ब्रन्सविकच्या, टोबिन हीथ बास्किंग रिजच्या. इथे त्या २० मध्ये नाव नसणं म्हणजे टीम वाईट, असं अजिबात नाही. आपण मराठी माणसं बोर्डाची मेरिट लिस्ट बघत वाढलो. यादी दिसली की आपलं नाव शोधायचं, आणि नाही दिसलं की वर्ष फुकट गेलं असं वाटायचं. पण मेरिट लिस्ट परीक्षा झाल्यावर लागायची. ही यादी परीक्षेच्या आधी लागते.

आणि यादीला जे दिसत नाही ते फार महत्त्वाचं असतं. २०२५ ला, लेकीच्या शेवटच्या वर्षी, काउंटीच्या प्रीसीझन यादीत आमच्या शाळेचं नाव पहिल्यांदा वर आलं. मुलींनी तो स्क्रीनशॉट एकमेकींना पाठवला, मीही आईला कोल्हापूरला पाठवला. त्या यादीत आमच्या मधल्या मिडफिल्डरचं नाव ठळक होतं. तिचं गुडघ्याचं लिगामेंट, ज्याला एसीएल म्हणतात, जुलैत क्लबच्या मॅचमध्ये तुटलेलं होतं. ऑपरेशन ठरलं होतं. बातमीदाराने कोचशी बोलणं केलं ते त्याच्या आधी. ती मुलगी कुबड्या घेऊन प्रत्येक स्क्रिमेजला यायची आणि बेंचवर बसून आपल्या जागेवर खेळणाऱ्या अकरावीतल्या मुलीला सूचना द्यायची. मला आजही ते आठवलं की गलबलून येतं. पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही तीन मॅच हरलो आणि यादीतून नाव गेलं. यादी करणाऱ्याचा दोष नव्हता. पण शाळेच्या कॉरिडॉरमध्ये ज्या मुलींना लोक विचारत होते की तुमचं काय झालं, त्यांना ते फार लागलं.

म्हणून रँकिंगपेक्षा मला तुमच्याकडून वेगळी चौकशी हवी आहे. सॉकरमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून जास्त आहे. फिफाचा ११+ नावाचा वॉर्म-अप आहे, सुमारे २० मिनिटांचा: धावणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. तो नियमित केला तर दुखापती कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तुमची टीम असं काही करते का, की दोन चकरा मारून थेट खेळायला लागते? ऑगस्टच्या दमट उन्हात, दोन महिने सुस्तावलेल्या पायांवर, आठवड्यात दोन-दोन स्क्रिमेज होतात. टीम करत नसेल तर मुलीला २० मिनिटं आधी नेऊन सोडा आणि तिला तिचं करू द्या. आम्ही हे अकरावीत सुरू केलं, नववीतच करायला हवं होतं.

कॉलेजचं थोडक्यात सांगते. कॉलेजचे कोच मुली बघतात त्या मुख्यतः शाळेबाहेरच्या क्लबच्या शोकेस स्पर्धांत, कारण तिथे एका मैदानावरून दुसऱ्यावर जात दिवसभरात कितीतरी टीम बघता येतात. डिव्हिजन १ (कॉलेजच्या खेळातली सगळ्यात वरची पातळी) चे कोच दहावी संपल्यावर १५ जूनपासून मुलींशी थेट संपर्क करू शकतात. तेव्हा तुमच्याकडे अजून वेळ आहे. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, पण तिथे अभ्यासात उत्तम असलेली कितीतरी कॉलेजं आहेत आणि तिथले कोच मुलींना व्हिडिओ पाठवा म्हणून सांगतात. शाळेची टीम प्रीसीझनला कितवी होती हे आम्हाला या सगळ्या प्रवासात एकाही कोचने विचारलं नाही. राज्य स्पर्धेतला क्रमसुद्धा सीझनमध्ये मैदानावर काय मिळवलं त्यावरून लागतो, पेपरच्या यादीवरून नाही.

पुढची स्क्रिमेज असेल तर चेंडूकडे बघू नका, मुलीकडे बघा. चेंडू मैदानाच्या त्या टोकाला असताना ती उभी कुठे असते? पास चुकल्यावर हात वर करून उभी राहते की तीन पावलं लगेच मागे पळते? शेजारची मुलगी दमली की तिची जागा घेते का? बाहेर काढल्यावर बेंचवर बसून खेळ बघते का? कोच नेमकं हेच टिपत असतो. तो पिनी (टीम ओळखायला अंगावर चढवायची रंगीत बंडी) बदलायला लावतो, जागा बदलतो, ते शिक्षा म्हणून नाही. माझ्या लेकीला एकदा सलग दोन स्क्रिमेज उजवीकडे खेळवलं तेव्हा ती म्हणाली, "आई, त्यांना मी नकोय." त्यांना फक्त बघायचं होतं की उजवी बॅक पडली तर हिला तिकडे टाकता येईल का.

आणि कोचशी बोलायचं असेल तर तुम्ही जाऊ नका. मी दुसऱ्या वर्षी मॅच संपल्या संपल्या कोचला पार्किंगमध्ये गाठून लेकीला किती मिनिटं खेळवलं याचा हिशोब मागितला होता. कोच सभ्यपणे बोलला, पण पुढचे कित्येक दिवस लेक माझ्याशी नीट बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. मुलीलाच पाठवा, मॅचच्या दिवशी नाही, सरावाच्या आधी पंधरा मिनिटं. एकच प्रश्न विचारू द्या: मला जास्त खेळायचं असेल तर आधी काय सुधारू? माझ्या लेकीला उत्तर मिळालं, "डावा पाय." लेफ्ट बॅकला डावा पाय नाही म्हणणं म्हणजे कडूच, पण खरं होतं. तुमच्या मुलीलाही असं काहीतरी ऐकावं लागेल. ती गाडीत येऊन बसली की लगेच काय म्हणाले असं विचारू नका. आधी घरी येऊन जेवू द्या. ती आपणहून सांगेल.