हेकरूच्या तोंडात शिरणारा मासा

प्रश्न : प्रवाळखडकांवरील एका माहितीपटात हेकरूसारखा शिकारी मासा तोंड उघडून स्वस्थ थांबलेला आणि बोटभर लांबीचा एक मासा त्याच्या तोंडात शिरून सुखरूप बाहेर आलेला पाहिला. मोठा मासा त्याला गिळत कसा नाही? या संबंधाला मैत्री म्हणावे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण पाहिलेला लहान मासा बहुधा ‘क्लीनर रास’ असावा. हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळखडकांवर, आपल्या लक्षद्वीपच्या परिसरातही, तो आढळतो आणि निळसर अंगावरून शेपटीकडे रुंदावत जाणाऱ्या काळ्या पट्ट्यामुळे सहज ओळखू येतो. तो खडकावरची ठरावीक जागा धरून राहतो. इतर मासे तेथे येऊन तोंड व कल्ल्यांची झाकणे उघडतात आणि हा त्यांच्या अंगावरचे रक्तशोषक परजीवी वेचून खातो. ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटापाशी अ‍ॅलेक्झांड्रा ग्रटर यांनी केलेल्या अभ्यासात असा एक मासा दिवसाला सरासरी १,२१८ परजीवी खातो असे आढळले. त्याला गिळून हेकरूला एकच घास मिळेल, सफाईला मात्र तो मुकेल.

तरीही मैत्री हा शब्द मी वापरणार नाही. क्लीनर रासला परजीवींपेक्षा माशांच्या त्वचेवरील बुळबुळीत श्लेष्मा अधिक आवडतो, आणि संधी मिळताच तो त्याचाच लचका तोडतो. त्या क्षणी गिऱ्हाइकाचे अंग दचकून हलते, हे पाण्याखाली निरखणाऱ्याला स्पष्ट दिसते. फसवला गेलेला मासा एक तर त्याचा पाठलाग करतो किंवा दुसऱ्या सफाईवाल्याकडे निघून जातो. रेडुआन बशारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निरीक्षणांतून असे दिसले, की दूरवर फिरणाऱ्या आणि म्हणून पर्याय असलेल्या माशांची सफाई आधी होते, तर त्याच खडकावर राहणाऱ्यांना ताटकळावे लागते. गिळू शकणाऱ्या शिकारी माशांच्या बाबतीत तो फारशी लबाडी करत नाही, हे ओघानेच आले. नर व मादी जोडीने सफाई करताना मादीने लबाडी केली तर नर तिच्यामागे धावून तिला शिक्षा करतो; तिच्या हावरेपणामुळे गिऱ्हाईक निघून गेले, तर नुकसान त्याचेही असते.

एवढी कुरबुर असूनही या व्यवहाराचे मोल मोठे आहे. लिझार्ड बेटापाशीच काही लहान खडकांवरून हे मासे साडेआठ वर्षे सातत्याने काढून टाकले, तेव्हा तेथे मुक्काम करणाऱ्या माशांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि त्यांच्या जातींची संख्या २३ टक्क्यांनी कमी भरली.

या विश्वासाचा फायदा घेणारा एक तोतयाही आहे. ब्लेनी गटातील एक मासा हुबेहूब तोच रंग, तोच पट्टा आणि तीच नागमोडी चाल घेऊन जवळ येतो व बेसावध माशाच्या परांचा तुकडा तोडून पळतो. त्याचे तोंड मात्र खऱ्या सफाईवाल्यासारखे मुस्कटाच्या टोकाला नसून थोडे खालच्या बाजूस असते.