अंधार पडायच्या आत

लंडन, २४ ऑक्टोबर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, सहा आठवडे झाले, पण कॉलेज, हॉस्टेल आणि सुपरमार्केट सोडून मी कुठेच गेले नाही. समोरच्या बागेच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. आत गेलेलं चालतं का, तेच कळेना." फोन ठेवल्यावर ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र.

चालतं. आधी तेवढं मनात पक्कं कर. लंडनमध्ये काही चौक-बागा खरंच खासगी असतात, भोवतालच्या घरांतल्या लोकांकडेच त्यांची किल्ली असते. पण त्या ओळखायला सोप्या आहेत. दाराला कुलूप असतं आणि फक्त रहिवाशांसाठी अशी पाटी असते. दार नुसतं लोटलेलं असेल तर खुशाल आत जा. लोखंडी कठडा कितीही उंच आणि रुबाबदार असला तरी बिचकू नकोस. हिरवळीवर बसलीस तरी कुणी उठवणार नाही. फक्त मोठ्या बागांतल्या कापडी आरामखुर्च्यांचं भाडं द्यावं लागतं. बाक फुकट असतात.

तू ब्लूम्सबरीत राहतेस, त्यामुळे सुरुवात करायला तुला बसचं भाडंसुद्धा लागणार नाही. टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये मधोमध गांधीजी मांडी घालून बसले आहेत. १९६८ साली हा पुतळा बसवला. त्याच्या चौथऱ्यात फुलं ठेवायला एक पोकळी मुद्दाम राखली आहे, आणि मी गेले तेव्हा बहुतेक वेळा तिथे कुणीतरी काहीतरी ठेवलेलं असायचं. त्याच बागेत हिरोशिमात मेलेल्यांच्या स्मरणार्थ लावलेलं चेरीचं झाड आहे. तिथून दोन मिनिटांवर गॉर्डन स्क्वेअर. तिथे रवींद्रनाथांचा अर्धपुतळा आहे आणि नूर इनायत खानचाही. टिपू सुलतानाच्या वंशातली ही मुलगी दुसऱ्या महायुद्धात व्यापलेल्या फ्रान्समधून ब्रिटनला गुप्त बिनतारी संदेश पाठवत होती. १९४४ साली डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. ती याच बागेजवळच्या एका घरात राहायची. वर्गातून बाहेर पडलीस की डबा घेऊन तिच्यासमोरच्या बाकावर बस. भारतातून आलेलं कुणी तिथे एकटं बसलं, तर ते परक्यात बसलं असं मला वाटत नाही.

आता खरा मुद्दा. तू मला बागांची यादी मागितलीस. ती मी देणार नाही. एकट्या राजघराण्याच्या बागाच आठ आहेत आणि त्यांचा पसारा पाच हजार एकरांचा. मी नवीन असताना एका रविवारी हाइड पार्क, केन्सिंग्टन गार्डन्स, ग्रीन पार्क आणि सेंट जेम्स पार्क अशा चारही बागा पायांखाली घातल्या. संध्याकाळी पाय दुखत होते आणि आठवत होता तो फक्त सेंट जेम्सच्या तळ्यातला पेलिकनांचा थवा. (त्या तळ्याला पहिले पेलिकन रशियाच्या राजदूताने १६६४ साली भेट दिले, तेव्हापासून ते तिथे आहेत.) बाकी सगळं हिरवं-हिरवं एकमेकांत मिसळून गेलं. म्हणून माझं ऐक, एकच बाग निवड, चालत जाता येईल अशी, आणि तिथे दर आठवड्याला ठरलेल्या वारी जा. पाऊस असला तरी जा.

माझी बाग डॉलिस हिलचं ग्लॅडस्टन पार्क. फार कुणी पर्यटक तिकडे फिरकत नाही. १९३२ सालापासून चालत आलेलं आपलं महाराष्ट्र मंडळ त्याच डॉलिस हिल लेनवर आहे, त्यामुळे गणपतीला आलेली आपली माणसं कधीकधी पोरांना घेऊन पार्कात उतरतात. पंतप्रधान ग्लॅडस्टन इथल्या एका घरी पाहुणे म्हणून येऊन राहायचे, त्यांचं नाव बागेला मिळालं. ते घर २०१२ मध्ये पाडलं, पण भिंतीआडची जुनी फुलबाग अजून आहे. माझे बाबा गेले तेव्हा नोव्हेंबर होता आणि मला वेळेत पोचता आलं नाही. ते तेरा दिवस मी रोज कामावरून येताना त्या भिंतीआड जाऊन बसत होते. इथल्या पुष्कळ बाकांवर पितळेची छोटी पट्टी असते, गेलेल्या माणसाच्या नावाची. त्यातल्या एका पट्टीवर "तिला ही जागा फार आवडायची" एवढंच होतं. कुत्र्याला फिरवायला येणारे एक आजोबा रोज तिथून जायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी ते म्हणाले, "आज गारठा कमी आहे, नाही?" त्या आठवड्यात माझ्याशी आपणहून बोललेलं ते एकमेव वाक्य होतं. रोज त्याच वेळी त्याच बाकावर होते म्हणूनच ते माझ्या वाट्याला आलं.

तुला दारातून परत फिरावंसं वाटलं, त्याचं कारण मला माहीत आहे. आपण पाहुणे आहोत, कुणाच्या तरी मेहेरबानीने इथे वावरतो आहोत, असं पहिल्या वर्षी सगळ्यांनाच वाटतं. म्हणून रिचमंड पार्कची गोष्ट सांगते. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ साली शिकारीसाठी त्या रानाला भिंत घातली, पण लोकांची जुनी पायवाट राखली. शंभर वर्षांनी तिथला कारभार राजकन्या अमेलियाकडे आला आणि तिने दारं बंद केली. परवाना असेल त्यालाच प्रवेश. रिचमंडमधला जॉन लुईस नावाचा एक बिअर बनवणारा व्यापारी दारावर गेला, आत जाऊ देईनात म्हणून परत आला, आणि त्याने सरळ दारावरच्या बाईवर खटला भरला. खटला तीन वर्षं रेंगाळला. १७५८ साली तो जिंकला. न्यायाधीशांनी विचारलं, तुला दार हवं की भिंतीवरून चढायला शिडी? त्याने शिडी मागितली. दार आतल्या हरणांपायी बंदच ठेवावं लागतं, आणि बंद दार बघून लोकांना वाटणार की आत जायचं नाही. शिडीचा अर्थ मात्र कुणी चुकीचा लावणार नाही. मग शिडीच्या पायऱ्या मुद्दाम इतक्या लांब-लांब ठोकल्या की मुलांना आणि म्हाताऱ्यांना चढता येईना. लुईस पुन्हा न्यायाधीशांपुढे उभा राहिला. मुलंच नव्हे तर म्हाताऱ्या बायकाही चढतील अशी शिडी बनवा, असा हुकूम झाला.

बाळ, हे वाचल्यावर बंद वाटणाऱ्या दाराकडे तू वेगळ्या नजरेने बघशील. इथल्या कितीतरी बागा अशाच झगडून उघड्या राहिल्या आहेत. हॅम्पस्टेड हीथवर घरं बांधायचा तिथल्या जमीनदाराचा बेत लोकांनी चाळीस वर्षं अडवून धरला, शेवटी १८७१ साली कायदा होऊन ते माळरान सगळ्यांचं झालं. पूर्वेच्या गरीब वस्तीतल्या तीस हजार लोकांनी राणीकडे अर्ज केला आणि व्हिक्टोरिया पार्क मिळवलं. यात पाहुणा कोण आणि यजमान कोण? जो रोज येतो त्याची बाग.

रिचमंडला या महिन्यातच जा, पण जपून. तिथे सहाशेवर हरणं मोकळी फिरतात आणि सध्या त्यांचा माजाचा काळ आहे. नरांच्या हंबरण्याने सकाळी धुक्यात अंगावर काटा येतो. निदान पन्नास मीटर लांब राहा, दोन नरांच्या किंवा नर आणि माद्यांच्या मध्ये जाऊ नकोस, फोटोसाठी तर मुळीच नको. उंच गवतातून चालणार असशील तर पँट मोज्यात खोच आणि घरी आल्यावर पायांवर गोचीड आहे का बघ. इथल्या गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होतो. अळंबी दिसली तर तोडू नकोस, बंदी आहे. आणि उंचवट्यावरच्या हेन्री राजाच्या टेकाडावरून सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट बघायला विसरू नकोस. झाडीतल्या एका फटीतून तो दहा मैलांवर दिसतो आणि मध्ये काही उभं राहून ती रेषा अडू नये म्हणून नियम केलेले आहेत.

कॅम्डनच्या बाजूने कधी गेलीस तर एक रस्ता सांगते, हा मला फार प्रिय आहे. रीजंट्स पार्कातल्या ब्रॉड वॉकवर संगमरवराचं आणि लाल ग्रॅनाइटचं एक पाण्याचं कारंजं आहे. जवळ जाऊन बघ, त्यावर वशिंडाचा बैल कोरलेला आहे. १८६९ साली ते लंडनला दिलं आपल्या मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडिमनींनी, ज्यांच्या नावाचं दीक्षान्त सभागृह मुंबई विद्यापीठात आहे. इंग्रजी राज्यात पारशांना मिळालेल्या संरक्षणाबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनी ही भेट दिली. ती कृतज्ञता आज वाचताना माझ्या मनात दोन्ही बाजूंचं येतं, तुझ्याही येईल. तिथून उत्तरेला चालत प्रिमरोझ हिलवर चढ. जेमतेम साठेक मीटरची टेकडी, पण सगळं शहर पायाशी दिसतं. पलीकडे उतरलीस की थोड्या अंतरावर किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक १०. बाबासाहेब १९२१-२२ साली इथे राहून शिकत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. आधी घर बघ आणि मग टेकडीवर जा, असंही करून बघ. मी दोन्ही केलंय. घर बघून टेकडीवर बसलं की उतरायला घाई होत नाही.

क्यूची बाग, म्हणजे इथलं मोठं वनस्पती-उद्यान, डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेव. तिकीट आहे, पण विद्यार्थ्यांना सवलत मिळते. थंडीने हाडं गोठली की पाम हाउस या काचेच्या महालात शिर. आत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते आणि ओल्या उबदार मातीचा वास येतो. मिरी, केळी, कॉफी असे ओळखीचे चेहरे भेटतात. पहिल्या खेपेला मी केळीच्या पानाला हात लावून नुसती उभी राहिले होते. तिथेच कुंडीत एक सायकॅड (ताडासारखं दिसणारं प्राचीन जातीचं झाड) आहे, १७७५ साली दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं. एवढ्या काळात त्याला शंकू आला तो एकदाच, १८१९ साली. पण क्यूचं नुसतं कौतुक करू नकोस. ब्राझीलमधून आणलेल्या रबराच्या बिया १८७६ साली इथे रुजवल्या आणि रोपं पूर्वेकडच्या वसाहतींत पाठवली. हिवतापावरच्या औषधाचा सिंकोना इथूनच निलगिरीवर गेला. साम्राज्याचा कारभार या काचांखालीही चालत होता. आणि आपल्या मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची जी जाडजूड नोंद १९०१ ते १९०८ मध्ये निघाली, ती निवृत्तीनंतर क्यूमध्ये काम केलेल्या थिओडोर कुक यांची. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते ते. आपल्याकडचे वनस्पतिशास्त्राचे लोक सह्याद्रीत फिरताना अजून तिचा आधार घेतात.

येत्या रविवारी पहाटे इथली घड्याळं एक तास मागे जातात. त्या दिवसापासून संध्याकाळ एकदम अंगावर येते, आणि डिसेंबरात तर चारच्या आत सूर्य मावळतो. रीजंट्स पार्क, केन्सिंग्टन गार्डन्स अंधार पडला की बंद होतात. हाइड पार्क मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं, म्हणून तिथे एकटीने उशिरापर्यंत थांबायचं असं नाही. लेक्चर दुपारी संपत असेल तर आधी हॉस्टेलवर जाऊन "थोडं पडून मग जाते" असं करू नकोस. मग जाणं होत नाही. दप्तर पाठीवर असतानाच थेट बागेत जा. पहिल्या हिवाळ्यात मन खचतं ते पुष्कळसं उजेडाविना, हे मी माझ्यावरून सांगते.

आणि केन्सिंग्टन गार्डन्समध्ये डोक्यावरून कर्कश ओरडत हिरवा थवा गेला तर दचकू नकोस. आपल्याकडे पेरूवर येऊन बसतो तोच कंठवाला पोपट. पिंजऱ्यातून सुटलेल्यांची ही पिल्लावळ, आता लंडनभर झाली आहे आणि बर्फातही टिकते. त्यांना काही खायला घालू नकोस, मोह झाला तरी.

रविवारी अकराला मी ग्लॅडस्टन पार्कात, भिंतीआडच्या बागेत असेन. जुबिली लाइनवर डॉलिस हिलला उतर आणि चढणीने ये. घड्याळ मागे केलं आहेस ना, तेवढं निघताना बघ.

तुझी,
मावशी

ता. क. बसायला जुनी चादर आणू नकोस, इथलं गवत ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ओलंच असतं. माझ्याकडे मेणकापड आहे. थालीपिठं मी करून आणते, तू फक्त दही आण.