कन्व्हर्टर बदलू का, भाऊ?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल मागे मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच शब्द आहे, टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवणारा ऑइलने भरलेला डबा. पूर्वी आमच्या तालुक्यात ऑटोमॅटिक गाडी गॅरेजला लागली की शेजारचे मिस्त्री चहा टाकून बघायला यायचे. आता नागपूर-पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या ऑटोमॅटिक गाड्या थेट पांदणीत उतरल्यात. त्या पत्रांतल्या पाचांना इथे उत्तर देतो. नावं मुद्दाम देत नाही, गाव तेवढं पुरे.

वरुडजवळून एक संत्रा बागायतदार: भाऊ, माही डिझेल गाडी ऑटोमॅटिक हाये, दीड लाख किलोमीटर चालली. संत्र्याचे क्रेट भरून वावरातून निंगालो का उचलतच नाही. पोट्टं म्हन्ते, हाय स्टॉलचा परफॉर्मन्स कन्व्हर्टर टाकू, इंटरनेटवर स्वस्तात भेटून राहिला, २८०० आरपीएमचा. टायरबी त्यानंच बदलले. पयले २३५/७५ आर १५ होते, आता ३१ इंची हायेत. घेऊ का?

नका घेऊ. अर्धं उत्तर तर तुमच्या पत्रातच आहे. तुमच्या जुन्या टायरचा व्यास भरतो ७३३ मिलिमीटर, ३१ इंची टायरचा ७८७. म्हणजे चाक सात टक्क्यांनी मोठं झालं आणि जमिनीला मिळणारी ओढ जवळपास तेवढीच घटली. वर भरलेले क्रेट. कन्व्हर्टर काही न बिघडताही गाडी जड वाटणारच. आधी जुने टायर चढवून एक खेप मारून बघा. यात रुपया खर्च नाही.

आता त्या २८००चं. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा. एक चालू, दुसऱ्याची पिन काढलेली. चालू फॅनच्या वाऱ्याने बंद फॅनही फिरायला लागतो. कन्व्हर्टरमध्ये हेच चालतं, फक्त वाऱ्याच्या जागी ऑइल असतं. इंजिनाकडचा फॅन म्हणजे इम्पेलर, गिअरबॉक्सकडचा टर्बाइन. दोघांच्या मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चक्र असतं. ते टर्बाइनहून परतणारं ऑइल वळवून पुन्हा इम्पेलरच्या दिशेने लावतं, म्हणून गाडी जागची हलताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो. ही युक्ती जर्मन इंजिनिअर हेर्मान फ्योटिंगर यांची, १९०५ सालच्या पेटंटची. त्यांनी ती जहाजांसाठी काढली होती. आज ग्रामपंचायतीच्या कामावर येणाऱ्या जेसीबीतही कन्व्हर्टरच असतो.

स्टॉल म्हणजे दुसरा फॅन हाताने घट्ट धरून ठेवला तर पहिला जास्तीत जास्त किती वेगाने फिरेल तो आकडा. ड्रॅग रेसवाल्यांना तो ३००० किंवा त्याहून वर लागतो, कारण त्यांच्या पेट्रोल इंजिनांचा जोर वरच्या आरपीएमला येतो आणि त्यांची शर्यत काही सेकंदांत संपते. आपल्या डिझेलचा जोर खालीच असतो. ह्युंदाई क्रेटा या गाडीच्या १.५ लिटर डिझेलचं उदाहरण घ्या. तिचा २५० न्यूटन-मीटर टॉर्क १५०० ते २७५० आरपीएममध्ये मिळतो. अशा इंजिनाला २८००चा स्टॉल दिला तर जोराचा पट्टा संपल्यावर गाडी हलायला लागेल. आधी इंजिन बोंबलेल, मग गाडी सरकेल, आणि मधल्या वेळात सगळी शक्ती ऑइल तापवण्यात जाईल.

किती तापवेल? २५० न्यूटन-मीटर आणि २८०० नाही, नुसते २२०० आरपीएम धरले तरी ती शक्ती होते सुमारे ५८ किलोवॅट. म्हणजे पाच हॉर्सपॉवरचे पंधरा कृषिपंप. गाडी जागची हलत नसेल तर ही सगळी शक्ती सात-आठ लिटर ऑइलमध्ये उष्णता होऊन उतरते. वर आपला मे महिना, सावलीत ४५ अंश. ऑइलचं तापमान नेहमीपेक्षा दहा अंशांनी चढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा ढोबळ हिशोब आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे.

तेव्हा पैसे या क्रमाने घाला. टायर मूळ मापाचे. मग कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर. त्यानंतर रेडिएटरच्या पुढे एक जादा ऑइल कूलर. माल वाहणाऱ्या गाडीला आपल्या भागात मी सुचवतो ती एकमेव खरी परफॉर्मन्स वस्तू हीच. एवढं करूनही कन्व्हर्टर बदलायची वेळ आलीच, तर स्टॉल मूळचाच ठेवा आणि मजबुती मागा: पाती नुसती दाबून बसवलेली नकोत, भट्टीत ब्रेझिंग केलेली, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडलेली हवीत, वॉशरच्या जागी नीडल बेअरिंग, लॉक-अप क्लचचं (तो काय ते पुढे येतं) अस्तर चांगल्या प्रतीचं. विकणाऱ्याने गाडीचं वजन, टायरचं माप, डिफरन्शियलचा रेशो आणि तुम्ही काय वाहता हे विचारलं तर तो जाणता. नुसतं मॉडेल विचारून क्यूआर कोड पाठवला तर फोन ठेवून द्या.

पोराला सांगा, नव्या गाड्यांत गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या वेगातला फरक सतत मोजत असतो. कन्व्हर्टर भलताच निघाला तर तो दिवा लावतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. ते मिटवायला पुन्हा खर्च.

यवतमाळ जिल्ह्यातून एक विद्यार्थी: माझ्या वडिलांची एएमटी गाडी आहे. गिअर बदलताना डोकं पुढे झुकतं. चांगला टॉर्क कन्व्हर्टर बसवला तर झटका जाईल का?

बाबू, तुझ्या गाडीत कन्व्हर्टर नाहीच. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट. तुझा डावा पाय आणि डावा हात जे करतो ते तिथे एक यंत्र करतं, इतकंच. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून हा प्रकार सुरू झाला. दोन पेडल दिसले की सगळे त्याला ऑटोमॅटिक म्हणतात, त्यातून हा घोळ. गिअर बदलायच्या क्षणी अॅक्सिलरेटर थोडा सोड, झटका बराच कमी होईल. तरी राहिला तर क्लच किती झिजली ते बघून घे आणि स्कॅनर लावून तिचं सेटिंग करून घे.

गडचिरोली जिल्ह्यातून एक शिक्षिका: शाळेला जाता-येता रोज ८० किलोमीटर होतात. पावसाळ्यानंतर साठ-सत्तरच्या वेगात गाडी थरथरते, जणू रस्त्यावर बारीक पट्टे मारलेत. चाकं दोनदा बॅलन्स केली. गॅरेजवाले म्हणतात कन्व्हर्टर गेला, नवा टाका. खर्च ऐकून झोप उडाली.

ताई, आधी एक घरगुती चाचणी करा. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना, थरथर सुरू झाली की अॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. ब्रेकचा दिवा लागण्याइतकाच, दाबायचा नाही. थरथर लगेच थांबली आणि पाय काढल्यावर थोड्या वेळाने परत आली, तर दोष चाकात नाही, लॉक-अप क्लचचा आहे. ठरावीक वेगानंतर कन्व्हर्टरमधले दोन्ही फॅन हा क्लच एकमेकांना जोडून टाकतो, म्हणजे ऑइलमधली घसरण संपते आणि इंधन वाचतं. ब्रेकला पाय लागला की तो सुटतो. ऑइल खराब झालं की हा क्लच धड पकडत नाही आणि धड सोडतही नाही. तीच तुमची थरथर.

"पावसाळ्यानंतर" हा तुमच्या पत्रातला शब्द मला खटकतो. रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली होती का? गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून किंवा फुटलेल्या रेडिएटरमधून आत पाणी गेलं असेल तर लालभडक ऑइल दुधात गुलाबाचं सरबत घातल्यासारखं गुलाबी दिसतं. तसं दिसलं तर गाडी चालवू नका. पाण्याने क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं आणि नुसतं ऑइल बदलून ते परत चिकटत नाही. ऑइल तपकिरी झालं असेल, पण जळका वास नसेल, तर ते बदलून बघा. मात्र चेंबरचा बोल्ट उघडून सगळं ऑइल निघत नाही. निम्म्याहून जास्त कन्व्हर्टर आणि कूलरमध्येच राहतं. म्हणून पाच-सातशे किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा बदला. बऱ्याच गाड्यांची थरथर मी एवढ्यावर जाताना पाहिली आहे. नाही गेली तर गॅरेजवाले खरं बोलले. पण तो खर्च शेवटी करायचा.

वणीकडून एक मिस्त्री: आमच्याकडे खाणीवरच्या डंपरचे कन्व्हर्टर लेथवर कापून दुरुस्त करतात. कारचाही तिथेच करून घेऊ की भंगारातला टाकू? गिऱ्हाईक नव्याचे पैसे देत नाही.

गिऱ्हाईक कुठलंच देत नाही, मित्रा. भंगारातल्याच्या भानगडीत पडू नकोस. कन्व्हर्टर बंद डबा असतो, आत काय आहे ते वरून कळत नाही. आणि जुना गिअरबॉक्स फुटला तेव्हा त्याचा सगळा चुरा याच डब्यात येऊन बसलेला असतो. कूलर आणि पाइपही धुऊन घे, नाही तर तो चुरा पुन्हा नव्यात येईल. एकदा मला एका विक्रेत्याने "परफॉर्मन्स" म्हणून निळा चकचकीत कन्व्हर्टर पाठवला. नखाने खरवडला तर खाली जुना गंज, आणि वेल्डिंग कुठेच नाही. म्हणजे उघडलाच नव्हता, नुसता रंगवला होता.

डंपरवाल्या लेथवर हरकत नाही, पण चार गोष्टी विचार. अस्तर, बेअरिंग, सील आणि स्टेटरचा वन-वे क्लच (स्टेटरला एकाच दिशेने फिरू देणारा) नवे घालतात का? वेल्डिंगनंतर डायल गेज लावून हब सरळ फिरतो का बघतात? हवा भरून गळती तपासतात का? बॅलन्सिंग करतात का? डंपर हळू फिरतो, तिथे थोडं उन्नीस-बीस चालतं. कारचं इंजिन सहा हजारांवर जातं, तिथे तेवढाच फरक पंपाचं सील खातो. बॅलन्सिंग मशीन नसेल तर पुढचं बोलणं नको.

आणि बसवताना माझ्यासारखं करू नकोस. बरीच वर्षं झाली. लग्नसराई, गाडी संध्याकाळी द्यायची कबुली दिलेली. कन्व्हर्टर आत जाताना तीनदा बसतो: टर्बाइनचा शाफ्ट, स्टेटरचा शाफ्ट आणि शेवटी पंपाच्या खाचा. हाताने फिरवत ढकलला की तीन "टक्" येतात. मला दोन आले, तिसरा आला असं मी मनाला समजावलं आणि बेलहाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कव्हरचे, बोल्ट पान्याने आवळून गिअरबॉक्स ओढून घेतला. स्टार्टर मारला, दगडावर कोयता घासल्यासारखा आवाज आला आणि पंपाचं गिअर फुटलं. नवरदेव दुसऱ्याच्या गाडीतून गेला, पंप माझ्या खिशातून आला. तेव्हापासून मी आधी कन्व्हर्टरमध्ये लिटरभर ऑइल ओततो, तीन टक् मोजतो, आणि बेलहाउसिंग पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर आणि इंजिनाकडच्या फ्लेक्सप्लेटमध्ये (ज्या तबकडीला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) तीन-चार मिलिमीटर फट आहे का ते बघतो. कन्व्हर्टर हाताने सैल फिरला पाहिजे. फट नसेल तर बोल्टला हातही लावायचा नाही, परत बाहेर.

चिखलीहून एक निवृत्त एसटी चालक: हयात मॅन्युअलवर गेली, आता मुलाची ऑटोमॅटिक चालवतो. उठाव कमी वाटतो. कन्व्हर्टर गेला की इंजिन, घरच्या घरी कळेल का? आणि गाडी बंद पडली तर टोचन करून ट्रॅक्टरने नेली तर चालते का?

काका, त्यासाठी स्टॉल टेस्ट आहे, पण जोखमीची. चाकांना दगड लावा, समोर कोणी नको, ऑइल गरम हवं. ब्रेक पूर्ण दाबून डी मध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण द्या आणि आरपीएमचा काटा बघा. पाच सेकंदांच्या वर नाही. मग न्यूट्रलमध्ये मिनिटभर इंजिन तसंच चालू राहू द्या, ऑइल थंड होतं. कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या आकड्यापेक्षा काटा बराच वर गेला तर गिअरबॉक्स आतून घसरतोय. बराच खाली राहिला तर इंजिन कमजोर आहे किंवा स्टेटरचा वन-वे क्लच दोन्हीकडे फिरतोय. इंजिन कमजोर असेल तर गाडी सगळीकडेच मंद. हा वन-वे क्लच गेला असेल तर जागची उठताना रडते, पुढे बरी पळते. तोच क्लच जाम झाला तर उलटं होतं: उठाव छान, पण वेगात दम नाही आणि ऑइल तापतं. काही नव्या गाड्या ब्रेक दाबलेला असताना अॅक्सिलरेटर पूर्ण घेतच नाहीत, तिथे ही चाचणी सोडा.

टोचनाचं सांगायचं तर, इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे आत ऑइल फिरत नाही. चाकं मात्र आतले गिअर फिरवत राहतात, कोरडेच. एसटी ढकलून सुरू व्हायची, ही होत नाही. रस्त्यातून बाजूला घ्यायला न्यूट्रलमध्ये ढकलली तर चालेल. चिखलीपर्यंत न्यायची असेल तर पिकअपवर चढवून आणा, नाही तर पुढच्या चाकांवर चालणारी असल्यास पुढची चाकं उचलून, मागच्या दोनवर.