शास्त्रीय गाणं कधीच न ऐकलेल्या मित्राला मैफलीला न्यावं का?

न्या. नक्की न्या.

तुमचा प्रश्न असा आहे: मित्र जिवाभावाचा, पण आजवर शास्त्रीय गाण्याला कधी बसलेला नाही. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर सभागृहात रात्रीची मैफल आहे. त्याला सोबत न्यावं की एकट्यानं जावं? आणि न्यायचं तर आधी त्याची थोडी तयारी करून घ्यावी का?

तयारी अजिबात करून घेऊ नका. आठवडाभर आधीपासून यूट्यूबच्या लिंक पाठवू नका, थाट म्हणजे काय, वादी-संवादी म्हणजे काय, हे सांगू नका. मी सोलापुरात बरीच वर्षं गाणं ऐकतोय, नाना तऱ्हेच्या लोकांना सोबत नेलंय, आणि माझं मत आता पक्कं झालंय की गाण्याला कुणीही कोरा कान घेऊन येत नाही. त्याच्या घरातलं, गल्लीतलं, देवळातलं काहीतरी आधीच आत बसलेलं असतं. आपण शेजारी बसून बोलत राहिलो की ते वर यायला जागाच उरत नाही.

हे मत पक्कं झालं ते एका रात्री. ती सविस्तर सांगतो.

माझा एक मित्र सोलापूरच्या पूर्व भागातला आहे. घरी तेलुगू, बाहेर मराठी, कामगारांशी दोन्हीची सरमिसळ. टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, लहानपणापासून यंत्रमागांच्या आवाजातच वाढलेला. जानेवारी होता, गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा भरलेली. दुपारी आम्ही मंगळवेढ्याकडं एका ओळखीच्यांच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. गरम हुरडा, शेंगाचटणी, गूळ, दही. परत येताना मी म्हणालो, रात्री गाणं आहे, चल. तो म्हणाला, "मला काय कळतंय बे त्यातलं? झोप येईल मला." मी म्हणालो, आली तर झोप. एवढ्यावर तो आला.

लवकर गेलो होतो, कारण मला तानपुरे जुळताना ऐकायचे असतात. पडदा अर्धा उघडा, रंगमंचावर दोन तानपुरे आणि त्यांच्यावर वाकलेल्या दोन शिष्या. मित्राला मी एकच गोष्ट सांगितली : "दुपारी आपण ज्या बाजूला होतो ना, तिथला भोपळा आहे तो." तानपुरे घडतात मिरजेत, पण त्यांचे भोपळे मुख्यतः आपल्याकडच्या भीमाकाठचे, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातले. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळीकडं मिरजेचं नाव झालं, आणि व्हायलाच हवं होतं, पण तो भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. मित्र पुढं सरकून बघायला लागला. गाण्यात त्याला रस नव्हता, पण वस्तू कशी घडते यात होता. भोपळा किती दिवस वाळवतात, दांडी कशाची, तारेखाली ती मुलगी काय सरकवतेय, असे प्रश्न सुरू झाले. ती सरकवत होती जवारीचा दोरा. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली साधा सुती दोरा असतो. तो केसाएवढा इकडंतिकडं केला की बद्द वाजणारी तार एकदम खुलते, तिच्यातून आणखी सूर ऐकू यायला लागतात. ती खुलली तो क्षण त्यानं बरोबर टिपला. मला काही सांगावं लागलं नाही.

पहिला राग बिहाग. गायिका किराणा घराण्याच्या, राग सावकाश उलगडत नेणाऱ्या. विलंबित एकताल म्हणजे बाराच मात्रा, पण इतक्या संथ की नवीन माणसाला त्यात ताल आहे हेच जाणवत नाही. इथं मी दुसरी गोष्ट सांगितली : तबला आणि गाणं फिरून फिरून एका जागी भेटतात, ती सम, तेवढी शोध. थोड्या वेळानं बघतो तर त्याची तर्जनी गुडघ्यावर बरोबर समेला पडतेय. कारखान्यात ऑफिसात बसून, नुसत्या आवाजावरून कुठला माग बिघडलाय हे ओळखणारा माणूस तो. त्याच्या कानाला बारा मात्रांचं काय मोठं?

मध्यंतर झालं. चहा पिऊन आत आलो तर तानपुरे परत जुळवणं चालू होतं. त्यानं विचारलं, "मघाशी जुळलेले होते की, परत का जुळवायलेत?" प्रश्न फार चांगला होता. तानपुऱ्याच्या चार तारा : मधल्या दोन षड्जाच्या (सा), शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, आणि पहिली बहुतेक वेळा पंचमाची (प). पण पुढचा राग मालकंस होता आणि मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमावर (म) उतरवत होते. तेवढंच सांगितलं. खुंटी थोडी सैल केली, मग खालचा मणी बोटानं हलवत हलवत सूर आणला. एक तार बदलली आणि सगळा आवाजच पालटला. मघाचा मोकळा, हसरा होता, हा खोल आणि गंभीर. नवीन माणसाला मैफलीतलं एकच काही दाखवायचं असेल तर मी हे दाखवीन. यासाठी शब्द लागत नाहीत.

मग मालकंस सुरू झाला. सा, कोमल ग, शुद्ध म, कोमल ध, कोमल नी, बस. पाचच स्वर. बाई मंद्रातून, खालच्या सप्तकातून, वर आल्या आणि मध्यमावर येऊन थांबल्या. खूप वेळ थांबल्या. मागं दोन्ही तानपुरेही तोच मध्यम सांगत होते, त्यामुळं आवाज कुठं संपतो आणि तार कुठं सुरू होते तेच कळेना. मित्रानं माझं मनगट धरलं. मला वाटलं, बरं नाही की काय. तो कानाशी येऊन म्हणाला, "हे अम्मम्माचं आहे. विड्या वळताना म्हणायची."

मी काहीच बोललो नाही. नंतर संपूर्ण राग तो ताठ बसून होता, डोळे मिटून. ओठ हलत होते.

आता यातलं समजावण्यासारखं ते तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही ऐकणारे आहात. दक्षिणेतल्या कर्नाटक संगीतात हाच स्वरसमूह हिंदोलम् म्हणून गातात (आपल्याकडच्या हिंदोलाशी त्याचा संबंध नावापुरता, स्वर वेगळे). त्यात त्यागराजांची, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या थोर संत-रचनाकारांची, रचना आहे, आणि तेलुगू भजनांमध्येही तो चांगला रुळलेला आहे. सोलापुरात पद्मशाली समाज मागावर कामाला आला तो आपली भजनं सोबत घेऊन आला. पुरुष मागावर आणि बायका विडीवर, हे कित्येक घरांचं गणित. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, हातात कात्री, आणि तोंडात हे पद. त्या घरात लहानपणी लोळत पडलेल्या पोराच्या कानात मालकंस त्याच्या नकळत शिरलेला होता. रागाचं नाव त्याला माहीत नव्हतं, त्याच्या अम्मम्माला, म्हणजे आजीलाही, कदाचित नसेल. आणि मी "आता मालकंस ऐक, हे स्वर असे असतात" असं म्हणून त्याचं डोकं भरवलं असतं, तर तो माझे शब्द आठवत बसला असता. आजी आठवली नसती.

किराण्याचं गाणं इथं असं लागू पडावं यालाही कारण आहे असं मला वाटतं. किराणा घराण्याचे मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि कर्नाटक संगीत त्यांनी मन लावून ऐकलं. त्यागराजांची कृतीसुद्धा त्यांनी ध्वनिमुद्रित केली. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि सवाई गंधर्वांकडं शिकले गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी. म्हणजे घराण्याचं नाव उत्तरेतल्या कैराना गावाचं, पण ते फुललं आपल्या या सीमेवर, मराठी-कानडी माणसांत. त्यात तेलुगू घरातल्या एका माणसाला आजी भेटली, हे सोलापुरात व्हावं यात मला नवल वाटत नाही. आनंद मात्र फार वाटतो.

मैफलीच्या शेवटी गातात ती भैरवी होऊन बाहेर पडलो तेव्हा बारा वाजून गेले होते. गड्ड्यातले पाळणे थांबलेले. थंडी चांगली होती. स्टेशनाकडं चहाला गेलो आणि तिथं तो बोलत राहिला. इतक्या वर्षांच्या दोस्तीत त्यानं आजीबद्दल कधी एवढं सांगितलेलं नव्हतं. विड्यांच्या हजाराच्या हिशेबात कमी भरू नयेत म्हणून ती रात्री परत मोजायची, डोळे गेल्यावरही बोटांनी पान ओळखायची. पदाचे पहिले दोन चरण त्याला आठवले, पुढचे आठवेनात. दुसऱ्या दिवशी मावशीला फोन करून त्यानं ते उतरवून घेतले आणि संध्याकाळी माझ्या घरी येऊन म्हणून दाखवले. गळा बेताचा आहे त्याचा, पण कोमल धैवत अगदी जागेवर.

आता तुमच्या मैफलीबद्दल.

ती रात्रीची आहे हे उत्तम. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळं रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, मोजक्या दिवसांना १२ पर्यंत सवलत मिळते. नियम योग्यच आहे, आजारी माणसं आणि अभ्यासाची पोरं घराघरात असतात. पण त्यामुळं उघड्यावरच्या मैफली लवकर आटपतात आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळत नाहीत. बंदिस्त सभागृहाला ही अडचण नाही, तेव्हा संधी सोडू नका.

अर्धा तास आधी जा. अगदी पुढच्या रांगेत बसू नका, मध्यावर बसा, तिथं तबला आणि गळा दोन्ही सारखे येतात. जेवण हलकं ठेवा. जानेवारी-फेब्रुवारी असेल तर शाल न्या, आणि परतीची सोय आधी बघून ठेवा, कारण मध्यरात्री रिक्षा शोधत फिरण्यात ऐकलेलं सगळं उतरून जातं. रेकॉर्डिंग करू नका. मित्रानं विचारलं तर एका वाक्यात सांगा, नाही विचारलं तर गप्प राहा. "कसं वाटलं?" हे मध्यंतरात विचारू नका, त्याला उगीच काहीतरी चांगलं बोलावं लागतं.

आणि तो खरंच कंटाळला तर मध्यंतरात त्याला मोकळ्या मनानं घरी जाऊ द्या. त्यात गाण्याचा अपमान नाही की मैत्रीचाही. पुढच्या वेळी त्याला सुंदरी ऐकायला न्या. शहनाईच्या जातीचं, पण तिच्याहून आखूड वाद्य. सोलापूर-अक्कलकोटच्या जाधव मंडळींनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलंय, पं. सिद्राम जाधव आणि पं. भीमण्णा जाधव ही त्यातली मोठी नावं. गायकीला न बसणारी माणसंसुद्धा सुंदरीला बसलेली मी पाहिली आहेत.